जरा बाजूला व्हा

रविवारी पहाटे डोंबिवलीहून निघणाऱ्या लोकलमध्ये भाऊच्या धक्क्याकडे चाललेल्या कोळणी असतात, रात्रपाळीचे रखवालदार असतात आणि वारसा-छायाचित्रकार असतो. पोटासाठी न उठलेला त्या डब्यात तो एकटाच.

हा गृहस्थ बहुधा चाळिशी ओलांडलेला, पक्क्या नोकरीतला आणि कंबरदुखी असलेला. कंबरदुखीचे कारण पाठीवरच्या पिशवीत असते. घरात गव्हाचे पीठ आणायला सांगितले तर दोन किलोच्या वर न उचलणारा हा माणूस सात किलोचे सामान घेऊन फोर्टभर हिंडतो.

पहिला थांबा अर्थातच छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सची ही इमारत 2004 पासून जागतिक वारसा यादीत आहे, हे तो सोबतच्या नवशिक्याला न विचारता सांगतो. फाटकावरचा सिंह ब्रिटनचा आणि वाघ हिंदुस्थानचा, हेही. इमारतीचे तोंड पश्चिमेला असल्यामुळे सकाळचे ऊन तिच्या पाठीमागून येते आणि दर्शनी भाग काळवंडलेला राहतो. हे मात्र तो सांगत नाही, कारण पहाटे येण्याचा आग्रह त्याचाच असतो. कॅमेरा वर रोखला की घुमट मागे कलंडल्यासारखा दिसतो. तो संगणकावर सरळ करण्यात सोमवारची रात्र जाते.

मरीन ड्राइव्हला काम आणखी वाढते. 2018 साली व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको अशा 94 इमारतींच्या समूहाला जागतिक वारशाचा मान मिळाला, तेव्हापासून गोलाई घेतलेली बाल्कनी आणि खिडकीवरचा भुवईसारखा सज्जा त्याला झोपेतही दिसतो. अडचण एवढीच, की त्या बाल्कनीत माणसे राहतात. ती पायजमे वाळत घालतात, एसीचे खोके टांगतात, डिश अँटेना लावतात. हा सगळा ऐवज त्याच्या भाषेत ‘कचरा’. फ्रेममध्ये आलेला माणूसही कचराच, मग तो त्या घराचा मालक का असेना.

कचरा काढायचा खात्रीचा उपाय म्हणजे दहा स्टॉपची काळी काच. ती लेन्सवर चढवली की प्रकाश हजारपटीने घटतो आणि एक तीसांश सेकंदात उरकणारे चित्र तीसएक सेकंद घेते. तेवढ्यात अरबी समुद्राचे दूध होते आणि फिरायला आलेली निम्मी मुंबई विरघळते. गर्दीच्या शहरात शांतता मिळवण्याची ही पद्धत स्वस्त नाही, पण कायदेशीर आहे.

कायद्याचा प्रश्न येतो तो तिपाईपाशी. मोबाइलवर हवे तेवढे फोटो काढा, वॉचमन जांभई देतो. तिपाईचे पाय उघडले की तो शिट्टी वाजवतो. “स्टँड नाय चालणार, परमिशन दाखवा.” त्याच्या हिशेबाने तीन पाय म्हणजे शूटिंग. यावर वाद घालणारा नवखा. मुरलेला छायाचित्रकार कॅमेरा कठड्यावर टेकवतो, खाली रुमालाची घडी सरकवतो आणि श्वास रोखतो.

शांत जागांचा त्याला विशेष सोस. वाळकेश्वरचे बाणगंगा तळे, पायऱ्या, दीपमाळा, बदके, सगळे तो ‘कुणाला सांगू नका’ या अटीवर पन्नास जणांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो. पुढच्या रविवारी पायरीवर तिपायांची रांग लागते आणि बदके पलीकडच्या काठाला जातात. गर्दी फार वाढली म्हणून हळहळणाऱ्यांत तोच पहिला असतो.

घरच्यांचे हाल वेगळेच. सहकुटुंब सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेले, की बायको-मुले तटापाशी हौसेने उभी राहतात आणि तो हाताने खूण करतो, “जरा बाजूला व्हा.” तटाचे अठ्ठावीस फोटो येतात. सासूबाईंचा एकच, तोही सावलीचा. त्यामुळे कुटुंबाच्या अल्बमसाठी मेहुण्याच्या मोबाइलवर अवलंबून राहावे लागते.

स्वभावाने हा प्राणी निरुपद्रवी आहे. पहाटे गेटवेपाशी त्याने तशीच खूण केली तर थांबू नये, वाटही बदलू नये. आपल्या चालीने चालत राहावे. तीस सेकंदांच्या चित्रात चालता माणूस उमटत नाही. चहा पीत उभे राहिलात तर मात्र पुसट का होईना, दिसाल.