भूपातला स्कॉटिश पाहुणा

खडकवासल्याच्या प्रबोधिनीत भाच्याचं दीक्षान्त संचलन होतं. मुलं 'अंतिम पग' ओलांडू लागली आणि बँडने अशी संथ चाल धरली, की आमच्या ताईचा पदर डोळ्यांवरून खाली येईना. ती चाल माझ्याबरोबर जळगावला आली आणि मुक्कामच ठोकून बसली. पहिली ओळ पाठ, दुसरी अर्धवट, नावाच्या नावाने बोंब.

खान्देशात अडलेल्याला मदत करायला सगळे तयार असतात. माहिती असलीच पाहिजे अशी अट नसते. शेजारच्या गाणंवाल्या काकूंनी पेटी पुढे ओढली. "सा, रे, ग, प, ध. मध्यम नाही, निषाद नाही. अरे, हा शुद्ध भूप! 'अमर भूपाळी' पाहिला नाहीस का?" मोबाइलपुढे गुणगुणलो, त्याने एक आरती काढून दिली. धुळ्याला एका हळदीत बँडमास्तरला गाठलं. शेवभाजीत भाकर चुरता चुरता तो म्हणाला, "हाई ते मना आजाना लगीनमा वाजेल शे!"

अखेर भाच्यालाच फोन लावला. "मामा, 'ऑल्ड लँग साइन'. स्कॉटलंडचं आहे. संचलनाच्या वेळीच विचारायचं ना!"

स्कॉटलंडचं म्हणावं, तर रवींद्रनाथांनी त्याच चालीवर बंगाली गाणं बांधलं. कोलकात्यात विचाराल तर ते आमचंच म्हणतील. पाच स्वरांचं हे असंच असतं, कुणाच्याही ओसरीवर जाऊन बसतात आणि घरचे वाटतात. काकू काही अगदीच हवेत बोलत नव्हत्या.

बरं, खुद्द स्कॉटलंडात तरी धड पत्ता आहे का? रॉबर्ट बर्न्सचे शब्द 1796 मध्ये छापले गेले ते दुसऱ्याच चालीवर. आजची चाल त्यांना 1799 च्या संग्रहात जोडली गेली, तोवर बर्न्स वारलाही होता. आणि गाणं मुळात आपलं नाही, एका म्हाताऱ्याच्या तोंडून उतरवून घेतलं, असं त्यानेच एका पत्रात लिहून ठेवलंय.

म्हातारा कोण, कुठला, ते मात्र लिहिलेलं नाही. त्यामुळे बँडमास्तरच्या आजोबांचा दावा खोडून काढायला माझ्याकडे एकही कागद नाही.