पाणीपट्टी खात्याच्या साहेबांना अनावृत पत्र

प्रति,
माननीय प्रमुख महोदय,
पाणीपुरवठा, मलनिःसारण आणि विशेषकरून वसुली विभाग,
आमची महानगरपालिका.

स. न. वि. वि.

आपलं देयक मिळालं. स्वच्छ छापलेलं, बारकोडसह, शेवटच्या तारखेच्या चांगलं आधी. आमच्या भागात पाणी कधी सुटेल हे व्हॉल्व्हमनलाही सांगता येत नाही. आपलं देयक कधी येईल हे मात्र सोसायटीतलं शेंबडं पोरही सांगेल. एवढा नियमितपणा आपल्या खात्यात आहे, याबद्दल आपले मनापासून आभार. त्यातला थोडा नळाकडे वळवावा, एवढ्याच विनंतीसाठी हा पत्रप्रपंच.

गैरसमज नको म्हणून आधीच लिहितो. आम्हाला पाणी फुकट नको आहे. धरणातून पाणी उपसायचं, ते गाळायचं, त्यात क्लोरीन सोडायचं, उंचावरच्या टाकीत चढवायचं आणि घरोघरी पोचवायचं, याला वीज लागते, माणसं लागतात, पैसे लागतात. ते देण्याची आमची तयारी आहे आणि आजवर दिलेही आहेत. आमची तक्रार आकड्यापेक्षा हिशेबाबद्दल आहे. आम्ही काय देणं लागतो, ते आपण लिटरवारी मोजता. आपण काय देणं लागता, ते देयकात कुठेच दिसत नाही.

तसं म्हटलं तर मोजमाप ठरलेलं आहे. केंद्रीय नगरविकास मंत्रालयानं 2008 साली शहरांसाठी सेवांच्या दर्जाचे निकष ठरवून दिले. पाणी माणशी रोज 135 लिटर. पुरवठा चोवीस तास. गळती आणि हिशेबाबाहेरचं पाणी 20 टक्क्यांच्या आत. पाण्याची गुणवत्ता 100 टक्के. तक्रारींचं निवारण 80 टक्के. त्याच यादीत पुढे लिहिलं आहे, खर्चाची वसुली 100 टक्के आणि बिलांची वसुली 90 टक्के. महोदय, एवढ्या लांबलचक यादीतले शेवटचे दोन निकष आपण ज्या निष्ठेनं उचललेत, त्या निष्ठेला आमचा नमस्कार. वरच्या चोवीस तासांवर आपली नजर पडली नसेल असं कसं म्हणावं? दरवाढीच्या प्रत्येक प्रस्तावात आपण याच निकषांचा हवाला देता.

मीटर बसवून दिलात, त्याबद्दलही ऋणी आहोत. ज्यानं जेवढं वापरलं त्यानं तेवढं द्यावं, हे तत्त्व आम्हाला पूर्ण मान्य आहे. फक्त आपला मीटर पाण्याबरोबर हवाही मोजतो. आपण दिवसातून थोडा वेळच पाणी सोडता, उरलेला वेळ वाहिनी रिकामी असते आणि तिच्यात हवा भरते. पाणी सुटलं की ती हवा पुढे ढकलली जाते आणि साध्या यांत्रिक मीटरचं चक्र तिच्या जोरावर फिरू लागतं. पाणी येण्याआधी नळ फुसफुसतो, तो आवाज आपल्या शहरातल्या प्रत्येक घराला पाठ आहे. त्या फुसफुसण्याचे युनिट आमच्या खात्यावर पडतात आणि एक युनिट म्हणजे हजार लिटर.

हे काही आज कळलेलं शास्त्र नाही. पेशवाईत कात्रजच्या तलावातून पुण्यात जमिनीखालून पाणी आणलं, तेव्हा बांधणाऱ्यांनी त्या नळाला वाटेत जागोजागी उच्छ्वास ठेवले होते. कोंडलेली हवा बाहेर पडावी आणि नळ साफही करता यावा, म्हणून. आपल्याकडे अभियंत्यांचा मोठा ताफा आहे. त्यांना हे सांगण्याची वेळ आमच्यावर यावी, याचं वाईट वाटतं.

त्या मोजलेल्या पाण्यावर पुन्हा ठरावीक टक्क्यांनी मलनिःसारण आकार बसतो. म्हणजे हवेचे पैसे एकदा पाणी म्हणून द्यायचे आणि पुन्हा सांडपाणी म्हणून. गढूळ येतं म्हणून पहिल्या काही बादल्या ओतून द्याव्या लागतात, त्यांचेही तसेच दोनदा. शिवाय मालमत्ता कराच्या बिलात जललाभ कर आणि मलनिःसारण लाभ कर वेगळे आहेतच. आपण आमची एवढी आठवण ठेवता, हे आमचं भाग्य!

पहिलं पाणी गढूळ का येतं, तेही आपल्याला ठाऊक आहे. रिकाम्या वाहिनीत दाब उरत नाही. आजूबाजूच्या मातीत ड्रेनेजचं पाणी झिरपलेलं असेल, तर ते जुन्या सांध्यांतून आत ओढलं जातं. अनेक गल्ल्यांत पाण्याची लाइन आणि ड्रेनेजची लाइन हातभर अंतरावर आहेत. त्यामुळे मलनिःसारणाची सेवा थेट आमच्या पिण्याच्या भांड्यापर्यंत पोचते. यात हसण्यासारखं काही नाही. 2012 साली इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसं दगावली. 2025 च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या बाजूला गिलियन-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले, तेव्हाही पहिला संशय पाण्यावरच गेला. ज्या घरात लहान मूल आहे, त्या घरातली आई पाणी उकळते आणि तो गॅस तिच्या पैशाचा असतो. ज्यांना परवडतं त्यांनी शुद्धीकरणाची यंत्रं बसवून घेतली. वस्तीतल्या सार्वजनिक नळावर भरणाऱ्या बाईनं काय करायचं? आपल्या देयकात यातलं काहीच दिसत नाही.

आता आमच्या सोसायटीवर आपले जे विशेष उपकार आहेत त्यांच्याकडे वळतो. हा भाग शहराच्या नव्या हद्दीतला. इमारतीला परवानगी देताना आपण बिल्डरकडून हमीपत्र लिहून घेतलंत, की महापालिका पुरेसं पाणी देऊ शकेपर्यंत त्यानं स्वखर्चानं पाणी पुरवावं. भोगवटा प्रमाणपत्र मिळालं. सोसायटी आमच्या हवाली करून बिल्डर पुढच्या प्रकल्पाला लागला. हमीपत्र आपल्या फायलीत सुखरूप आहे आणि टँकरचं बिल आमच्या मेंटेनन्समध्ये. आपल्या नळजोडणीतून जे येतं त्यात भूमिगत टाकीचा तळ जेमतेम झाकतो, म्हणून उन्हाळ्यात दहा हजार लिटरचे टँकर फाटकाशी रांगेत उभे असतात. त्यांचं पाणी कुठून येतं, हे आम्ही विचारलं की चालक उत्तर देत नाही. आपण कधी विचारलंत का? बहुधा आसपासच्याच एखाद्या विहिरीतून किंवा बोअरमधून येत असेल. तसं असेल तर ज्या जमिनीखालचं पाणी आटत चाललंय, तिथूनच ते उपसून आम्हाला विकलं जातं. आपण पुरवठा कमी केलात तर टँकरचा धंदा वाढतो, या साध्या गणिताकडे आपल्या खात्यात कुणाचं लक्ष गेलं असेल, तर ते आम्हाला कळवावं.

सांडपाण्याचंही तसंच. वीस हजार चौरस मीटरहून मोठ्या बांधकामांना 2006 च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते आणि तिच्या अटींत सांडपाणी प्रक्रिया केंद्र असतं. आमच्याही आवारात ते आहे. ते चालवायला माणूस ठेवलाय, ब्लोअरची वीज आम्ही भरतो, गाळ उचलण्याचे पैसे आम्ही देतो. आमचं मैलापाणी आम्ही शुद्ध करतो, टॉयलेटला आणि बागेला परत वापरतो. आपली ड्रेनेज लाइन अजून आमच्या रस्त्यापर्यंत आलेलीच नाही. मलनिःसारण आकार मात्र पहिल्या देयकापासून अचूक पोचतो आहे. जी वाहिनी अस्तित्वात नाही तिच्यातून वसुली इतकी सुरळीत वाहते, हे कौशल्य खरोखर थक्क करणारं आहे.

एवढे पैसे जाऊन नदी तरी वाचली असती, तर आम्ही एक शब्द बोललो नसतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020-21 च्या आकडेवारीप्रमाणे देशातल्या शहरांत रोज 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि त्यातलं प्रत्यक्ष शुद्ध होतं 20,236 दशलक्ष लिटर. बाकीचं जिथं जायचं तिथं जातं. याच मंडळाच्या 2022 च्या अहवालात देशभरातले 311 नदीपट्टे प्रदूषित ठरले आणि त्यांतले सर्वाधिक, 55, आपल्या महाराष्ट्रातले. आपल्या पुलावरून जाताना लोक गाडीच्या काचा वर करतात. खाली वाहणाऱ्या त्या पाण्यासाठी आम्ही दोन महिन्यांनी एकदा पैसे भरतो.

आणि चेंबर तुंबलं की खाली कोण उतरतं, महोदय? हे मात्र गोड शब्दांत लिहिणं मला जमत नाही. सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवण्याला 2013 च्या कायद्यानं बंदी घातली आहे. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2023 मध्ये अशा मृत्यूची भरपाई 30 लाखांवर नेली आणि ही प्रथा पूर्ण संपवा, असं बजावलं. तरीही जेटिंग मशीन दुसऱ्या वॉर्डात गेलेलं असतं आणि ठेकेदाराचा एखादा तरुण मुलगा कमरेला दोरी बांधून झाकण उघडतो. आमच्याकडून मलनिःसारणाचे जे पैसे घेता, त्यातून सगळ्यात आधी यंत्रं घ्या. आकार आणखी वाढवायचा असेल तर त्यासाठी वाढवा, आम्ही भरू. एकही माणूस त्या भोकात उतरता कामा नये.

अभय योजनेबद्दलही आभार मानायचे राहिलेच. वर्षानुवर्षं न भरणाऱ्यांचं आपल्याला फार वाईट वाटतं. दरमहा दोन टक्क्यांची त्यांची शास्ती आपण मोठ्या मनानं माफ करता आणि त्याच्या जाहिरातीही देता. वेळेवर भरणाऱ्यानं मात्र एकदा चार दिवस उशीर केला, तर त्याची शास्ती न चुकता पुढच्या देयकात येते. मोठ्या थकबाकीदारांत सरकारी कार्यालयंही असतात. नळ तोडायला माणसं येतात ती चाळीतल्या सामायिक नळाकडे.

तेव्हा हात जोडून एवढीच विनंती. आपल्या देयकाच्या मागच्या बाजूला सध्या न भरल्यास काय काय कारवाई होईल, ते बारीक अक्षरात छापलेलं असतं. तो मजकूर थोडा आवरा आणि तिथं आमच्याही कामाचं काही छापा. या दोन महिन्यांत आमच्या भागात किती तास पाणी सोडलं. माणशी किती लिटर पडलं. पाण्याचे किती नमुने तपासले आणि त्यातले किती पिण्यायोग्य निघाले. शहराची गळती किती टक्के. किती मैलापाणी तयार झालं, किती शुद्ध केलं आणि किती तसंच नदीत सोडलं. मलनिःसारण आकारातून जमलेले पैसे कशावर खर्च झाले. यातले बरेचसे आकडे आपल्याकडे आहेत, कारण निकषांच्या अहवालासाठी आपण ते वर पाठवता. मंत्रालयाला जे दाखवता, ते पैसे भरणाऱ्यालाही दाखवा.

आणि जिथं आपली वाहिनी नाही, तिथला आकार पुढच्या देयकापासून बंद करावा. मागचा परत मागण्याचा आमचा हक्क आम्ही सोडलेला नाही. त्यासाठीचा ठराव सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मंजूर झाला आहे आणि त्याची प्रत क्षेत्रीय कार्यालयात पोच घेऊन दिली आहे.

कळावे, लोभ आहेच, तो देयकापुरता न राहता वाढावा.

आपला,
वेळेवर भरणारा एक नळधारक

ता. क. मीटरच्या अलीकडे एअर व्हॉल्व्ह बसवण्यासाठी आमचा अर्ज आपल्याकडे पडून आहे. व्हॉल्व्हचा खर्च सोसायटी करणार आहे. आपली फक्त सही हवी आहे.