जुनं चालते काय?

मेडशी गावात नवी वस्तू आली की तिला आधी हळदकुंकू लागतं आणि मग आमचे भाऊ लागतात. या दिवाळीत पुतण्यानं पुण्याहून गेमचं मशिन आणलं, प्लेस्टेशन ५. खोकं उघडतं न उघडतं तोच भाऊ ओट्यावरून घरात. किंमत विचारली नाही, कंपनी विचारली नाही. चष्मा कपाळावर ढकलला आणि थेट मुद्दा : ‘‘जुनं चालते काय ह्याच्यात?’’

हा प्रश्न आजचा नाही. १ जुलै १९९८ला अकोल्यातून आमचा वाशीम जिल्हा वेगळा झाला. बाकीचे पेढे खात होते, भाऊ विचारत होते, ‘‘अकोल्याचा दाखला चालीन काय?’’ २००८ साली अकोला-पूर्णा मीटरगेजची ब्रॉडगेज झाली तेव्हा आम्ही जऊळक्याला नवी गाडी पाहायला गेलो. एक मीटरचे रूळ सरकून १.६७६ मीटरचे झालेले. भाऊंनी गाडीकडे पाहिलंच नाही. रुळांकडे पाहून म्हणाले, ‘‘मंग जुने डबे?’’ वहिनींनी नवा मिक्सर घेतला, तर जुनं भांडं बसते काय? पोरीनं मोबाइल घेतला, तर जुना चार्जर लागते काय? ८ नोव्हेंबर २०१६ला, नोटाबंदीच्या रात्री मात्र साऱ्या देशानं एकदम भाऊंचाच प्रश्न विचारला. त्या रात्री भाऊ ओट्यावर गप्प बसून होते. पहिल्यांदाच दिंडीत शिरलेल्यांकडे जुना वारकरी पाहतो, तसे आमच्याकडे पाहत.

पुतण्या बिचारा समजावायला बसला. प्लेस्टेशन २वर पहिल्याच्या सीड्या चालायच्या. ३च्या सुरुवातीच्या मशिनींत २चे पार्ट आतच बसवले होते, पुढं खर्च वाचवायला ते काढून टाकले. ४वर ३ची सीडी चालत नाही. ५वर ४चे जवळजवळ सगळे गेम चालतात.

‘‘म्हंजे बाप चालते, आजा चालत नाही,’’ भाऊंनी वंशावळ आटोपली.

पुतण्याला चेव आला. २०१३च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स वन जाहीर केला. वापरलेला गेम दुसऱ्याला द्यायचा तर अटी, आणि चोवीस तासांतून एकदा मशिननं इंटरनेटवर हजेरी लावायची. गिऱ्हाइकांनी अशी बोंब ठोकली की जूनमध्येच कंपनीनं दोन्ही गोष्टी मागं घेतल्या.

‘‘म्हंजे म्हैस म्या घेतली,’’ भाऊ म्हणाले, ‘‘अन् विकाच्या वक्ताले इचारा लागते कोणाले, तर पहिल्या मालकाले!’’

पुतण्या हसला. मग त्यानंच हळूच सांगितलं, की आपलं हे मॉडेल बिनसीडीचं आहे. गेम नेटवरून खात्यावर उतरतो.

‘‘खेळून झाल्यावर देतो कोणाले?’’

‘‘देता येत नाही, मोठेबाबा.’’

पंगतीत शेजाऱ्याकडे पाठ करून जेवणाऱ्या माणसाकडे पाहावं, तसं भाऊंनी त्या पांढऱ्या मशिनकडे पाहिलं. उठून आत गेले.

खरं तर मला बरंच वाटलं. दिवाळीचे चार दिवस, त्यात किती वेळा ‘जुनं, जुनं’ ऐकायचं? पण देण्याघेण्यावरून आठवलं, आमच्या लहानपणी सीडी नव्हती, कॅसेट होती. पिवळी, हाताच्या पंजाएवढी. वर ‘९९९९ इन १’ लिहिलेलं आणि आत पाचसहाच गेम, नावं बदलून फिरत असलेले. नाही चालली की खालच्या पट्टीवर फुंकर मारायची. कॉन्ट्राच्या बदल्यात मारिओ आणि वर दोन कंचे, असा आमचा बाजारभाव. एकेक कॅसेट साऱ्या गल्लीचं पाणी पिऊन यायची.

भाऊ बाहेर आले ते धोतराच्या फडक्यात काहीतरी गुंडाळून. उघडलं तर पिवळी कॅसेट. मागच्या बाजूला बॉलपेननं मालकांची नावं, एकाखाली एक, खोडलेली. सगळ्यात खालचं माझं, चौथीतल्या अक्षरात. भाऊंना मी ती वीस रुपयांना विकली होती.

‘‘चालते काय?’’ मी विचारलं.

‘‘तू देली तवापासून एक डाव चालली नाही.’’

‘‘मंग ठेवली कायले?’’

‘‘तुहं नाव आहे ना बे त्याच्यावर.’’ भाऊंनी फुंकर मारून पट्टीवरची धूळ उडवली, फडक्याला पुन्हा गाठ मारली. ‘‘पण तवापासून आपण पहिले इचारून घेतो.’’