स्पायडरमॅन चालवण्याची कार्यपद्धती: चाकण पट्ट्यातल्या नव्या ट्रेनींसाठी

कोणासाठी: भोसरी, तळवडे, म्हाळुंगे, चाकण इथे नव्याने ट्रेनी म्हणून लागलेल्या, चौघांत एक खोली घेऊन राहणाऱ्या आणि रूमपार्टनरने हातात कंट्रोलर दिल्यावर 'कुठलं बटण दाबू?' असं विचारायची लाज वाटणाऱ्या सर्वांसाठी. शिक्षणाची अट नाही. आयटीआय असल्यास प्राधान्य.

१. साहित्य

सेकंडहँड प्लेस्टेशन एक. टीव्ही एक, खोलीमालकाच्या परवानगीने. कंट्रोलर दोन, पैकी एकाची काडी आपोआप डावीकडे सरकत असणार. तो नवीन माणसाला द्यायची पद्धत आहे, तेव्हा तो तुम्हाला मिळेल.

हेडफोन सक्तीचे. शेजारच्या कॉटवर नाईट करून आलेला माणूस झोपलेला असतो. ग्रीन गॉब्लिन, व्हेनम वगैरे मंडळी नंतर येतील. पहिला व्हिलन तो आहे आणि त्याला हरवायचा उपाय अजून कुठल्याही गेममध्ये सापडलेला नाही.

खेळायचा दिवस शक्यतो गुरुवार. भोसरीकडच्या कंपन्यांना सुट्टी असते. मात्र लाईटवाल्यांची देखभालीची कामंही गुरुवारीच निघतात, तेव्हा सेव्ह करत राहा.

२. हाच हिरो का?

लाईनवर बिघाड झाला की पाचदा 'का' विचारायचं, हे इंडक्शनमध्ये शिकवलेलं असेलच. तेच इथे लावू.

*पहिला का: इतके सुपरहिरो असताना गेमवाले याच्याच मागे का?* त्याची सर्व्हिस जुनी आहे. कॉमिकमध्ये तो १९६२ साली रुजू झाला आणि १९८२ साली पार्कर ब्रदर्सने त्याला अटारी २६०० वर आणलं. काम एकच: इमारत चढायची, चोर पकडायचे, बॉम्ब निकामी करायचे. जाळ्याचं द्रावण मोजून मिळायचं. स्टोअरमधून कन्झ्युमेबल काढताना सही करावी लागते, हे तेव्हापासून आहे.

*दुसरा का: मग सुपरमॅन का नाही? तो तर १९७९ पासून अटारीवर आहे.* त्याला काही होतच नाही. ज्याला गोळी लागत नाही त्याच्या हातून चूक काय होणार, आणि चूक होत नसेल तर खेळायचं काय? १९९९ साली निन्टेंडो ६४ वर त्याला हवेत टांगलेल्या कड्यांमधून उडायला लावलं. सर्वात वाईट गेमच्या याद्यांत तो गेम आजही हटकून असतो.

*तिसरा का: बॅटमॅन?* माणूस कामाचा. २००९ च्या 'अर्खम असायलम'ने मारामारीचा जो ताल बसवला, तो पुढे स्पायडरमॅनच्या गेममध्येही ओळखू येतो. पण बॅटमॅन मॅनेजमेंट कोट्यातला. बंगला, गाडी, घरी चहा आणून देणारा आल्फ्रेड. त्याला पगाराची तारीख ठाऊक नाही.

*चौथा का: आणि याला आहे?* पुरती. ट्रेयार्कच्या २००४ च्या 'स्पायडरमॅन २'मध्ये तो पिझ्झा पोचवतो, घड्याळ लावून, मागे एक इटालियन धून वाजत असताना. इन्सोम्नियाकच्या २०१८ च्या गेममध्ये भाडं थकल्याने त्याला खोलीतून काढतात. सामान कचऱ्याच्या गाडीत जातं आणि शहराचा रक्षणकर्ता त्या गाडीमागे धावतो. डिपॉझिट परत न मिळालेला कुठलाही ट्रेनी हा प्रसंग सूचना न वाचता पहिल्या फटक्यात पार करतो.

*पाचवा का: एवढ्यावर लोक गेम विकत घेतात?* नाही. मूळ कारण इथे आहे: त्याचं जाणं-येणं हाच खेळ आहे. बाकी गेममध्ये कामाच्या ठिकाणी पोचेपर्यंत कंटाळा येतो. इथे ठिकाण आलं की वाईट वाटतं. चाकण चौकात कंपनीच्या बसमध्ये बसून समोरच्या कंटेनरचा नंबर पाठ झालेल्या माणसाला हे जास्त समजावायला नको.

३. झोका: प्रत्यक्ष कृती

(२०१८ च्या गेमप्रमाणे. पहिल्या ३ दिवसांत त्याच्या ३३ लाख प्रती गेल्या. तो बनवणारा इन्सोम्नियाक स्टुडिओ सोनीसाठी वर्षानुवर्षं बाहेरून काम करत होता. पुढच्याच वर्षी सोनीने त्याला विकत घेऊन पर्मनंट केलं. असं घडतं, याची ट्रेनींनी नोंद घ्यावी.)

अ) उंचावरून उडी मारा. घाबरू नका, या गेममध्ये पडून लागत नाही.

आ) उजव्या हाताचं खालचं बटण, म्हणजे आर-टू, दाबून धरा. जाळं समोरच्या इमारतीला चिकटेल.

इ) झोका खाली असताना बटण सोडलंत तर वेग मिळतो, वर गेल्यावर सोडलंत तर उंची. नवीन माणूस दोन्हींच्या मध्ये सोडतो आणि टॅक्सीच्या टपावर येतो.

ई) डोक्याभोवती पांढऱ्या रेघा चमकल्या की गोल बटण दाबून बाजूला व्हा. धोक्याची पूर्वसूचना हीच. सुपरवायझर मागे उभा असताना त्या चमकत नाहीत.

इतिहासाची एक ओळ पाठ असू द्या, व्हायव्हात विचारतात. २००० सालच्या गेममध्ये जाळं थेट आभाळाला चिकटायचं आणि खालचा रस्ता काढायला नको म्हणून सगळीकडे धुकं भरलेलं. २००४ च्या 'स्पायडरमॅन २'मध्ये जाळ्याला खरोखरची इमारत लागू लागली आणि झोका हे कसब झालं. त्याच नावाचा पीसीवरचा गेम मात्र वेगळा, लहान पोरांसाठी सोपा केलेला. तो खेळून 'यात काय आहे?' म्हणणाऱ्या थोरल्या भावाचं मत ग्राह्य धरू नये.

४. साइट सर्व्हे: आपल्याकडे जमेल का?

जाळ्याला इमारत लागते, ही अट नीट वाचा. मॅनहॅटनमध्ये तिची ददात नाही. सेंट्रल पार्क आला की तिथेही गडी झाडांना लोंबकळतो. आता चाकण बघा. शेड, शेड, वजनकाटा, शेड. किल्ला आहे, पण तोही भुईकोट. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाला दोनेक महिने थोपवून धरलं ते या संग्रामदुर्गावरून. स्पायडरमॅनला तिथे दोन मिनिटं झोका घेता येणार नाही.

वाकड, पुनावळेचे टॉवर चालतील, सोसायटीच्या गेटवर एंट्री करून. निगडीला भक्ती-शक्ती चौकातला १०७ मीटरचा ध्वजस्तंभ उंचीला उत्तम, पण एकटा. एका खांबाला झोका घेतला की माणूस गोल फिरून त्याच चौकात येतो, आणि तेवढं पीएमपीनेही होतं. हाय टेन्शनच्या तारांना जाळं लावू नये. वर्क परमिट मिळणार नाही.

अपुऱ्या उंचीवर इन्सोम्नियाकने उपाय काढला आहे. २०२३ च्या 'स्पायडरमॅन २'मध्ये नदीपलीकडचं क्वीन्स आणि ब्रुकलिन आलं, तिथे घरं बुटकी, म्हणून हिरोला काखेत पंख दिले. मोशी ते चाकण हा टप्पा पंखांनीच करावा, असं आमचं मत.

५. मशीन सेफ्टी

डॉक्टर ऑक्टोपस दिसल्यावर ट्रेनी घाबरत नाही, नावं ठेवतो. वेल्ड शॉपमध्ये दिवसभर रोबोचे हात बघणाऱ्याला त्या चार हातांच्या चुका लगेच दिसतात. कुंपण नाही. इमर्जन्सी स्टॉप नाही. लॉकआउट-टॅगआउट नाही. कंट्रोल थेट मेंदूला जोडलेला, आणि ट्रायल कोणावर, तर स्वतःवर. २०१८ च्या गेममध्ये पीटर, म्हणजे मास्कमागचा आपला हिरो, याच डॉक्टरच्या, म्हणजे ऑक्टेव्हियसच्या, प्रयोगशाळेत नोकरीला असतो. महापौर निधी अडवतो, साहेबांचं डोकं फिरतं, आणि निस्तरायला कोण? ज्युनिअर. सेफ्टी ऑफिसरने प्रशिक्षणात दाखवावा असा हा भाग आहे.

६. शंका-समाधान

*आपला स्पायडरमॅन नाही का?* आहे. पवित्र प्रभाकर, २००४ च्या कॉमिकमधला, गावाकडून मुंबईला आलेला मुलगा. २०२३ च्या 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' या चित्रपटात तो 'मुंबॅटन'मध्ये झोके घेतो, आणि तो चित्रपट आपल्याकडे मराठीतही लागला होता. मोठे गेम मात्र अजून न्यूयॉर्कच्या पत्त्यावरच चालतात.

*फर्स्ट शिफ्ट असताना रात्री खेळावं का?* 'एवढं एक मिशन' हे वाक्य खोलीत उच्चारण्यास बंदी आहे. बस साडेपाचला नाक्यावर येते आणि तिला जाळं टाकून थांबवता येत नाही.

*चाकणला स्पायडरमॅन कधी येईल?* जागा निघाली की. आधी सहा महिने ठेकेदाराच्या नावावर. मास्क स्वतःचा आणायचा.