वाडी कुठं पळून जात नाही, साहेब

प्रति,
मा. व्हिसा अधिकारी,
एका प्रगत राष्ट्राची वकिलात, मुंबई

विषय : चौलच्या एका बाईचा डाव वेळीच ओळखल्याबद्दल आपले अभिनंदन

महोदय,

स. न. वि. वि.

माझ्या आत्याला व्हिसा नाकारून आपण आपल्या देशावरचं मोठंच संकट टाळलंत. साठी उलटलेली बाई, गुडघे कुरकुरतात, सामानात अळीव, डिंक आणि बाळंतशोपा. मुलीच्या पहिल्या बाळंतपणाला दोन-तीन महिने येते म्हणाली. आपण मात्र बरोबर ताडलंत. नारळी-पोफळीची वाडी, दारची गाय, भोवाळ्याच्या डोंगरावरची दत्तजयंतीची यात्रा, सगळ्यावर पाणी सोडून ही बाई आपल्याकडच्या एखाद्या दुकानात चोरून कामाला लागणार होती. बेत मोडलात. धन्य आहे.

आपल्या देशाचं नाव मी लिहीत नाही. मुलीच्या कायमच्या वास्तव्याचे कागद अजून तुमच्याच कुठल्यातरी टेबलावर आहेत, आणि टेबलावरच्या कागदाला नजर लागते हे आम्हाला तहसील कचेरीनं शिकवलंय.

बारीकसारीक तक्रारी करत नाही. अर्ज नाकारला तरी फी परत मिळत नाही, ठीक. फोटोत कान नीट दिसले नाहीत म्हणून पुन्हा काढायला लावला, तेही ठीक. मोबाईल आत चालत नाही म्हणून समोरच्या पानवाल्याकडे पैसे मोजून ठेवला. त्याचंही पोट आहे. मुलाखत ऐन पावसाळ्यात आल्यामुळे मांडव्याची लाँच बंद, मग रात्रीच निघून वडखळ, पेण असं करत 2011 पासून रुंद होत असलेल्या महामार्गानं मुंबई गाठली. ते पाप आमचं, तुमचं नाही. जन्मतारीख 1 जून कशी, असं आपण भुवई उंचावून विचारलंत. साहेब, तिच्या पिढीतली निम्मी माणसं 1 जूनलाच जन्मली. शाळेत नाव घालताना मास्तरांना तीच तारीख सोयीची होती.

हे सगळं सोडून दिलं. पण ‘परत येणार कशावरून?’ हा प्रश्न काही घशाखाली उतरत नाही.

तो एकट्या आपल्या डोक्यातला नाही, हे मी वाचून घेतलंय. अमेरिकेच्या 1952 च्या कायद्यात 214(ब) नावाचं कलम आहे. तात्पुरता व्हिसा मागणारा बहुतेक प्रत्येक माणूस कायमचा राहायलाच येतोय असं अधिकाऱ्यानं आधी धरून चालायचं. तसं नाही हे पटवणं अर्जदाराच्या गळ्यात. शेंगेन देशांच्या छापील नकारपत्रात कारणांपुढे चौकटी असतात. त्यातली एक मुदतीत परत जाण्याच्या इराद्याविषयी शंका असल्याची. तिच्यात फुली मारली की काम झालं. खुनाच्या आरोपीला कोर्ट निर्दोष धरून सुरुवात करतं. नातवाला न्हाऊ घालायला निघालेल्या आजीला ती सवलत नाही.

आत्यानं पुरावा म्हणून सातबारा आणला होता. नोटरीकडून इंग्रजी करून, शिक्का मारून. त्यावर सतरा नावं आहेत. पहिलं सासऱ्यांचं. ते जाऊन एक पिढी लोटली, पण वारसनोंद न झाल्यामुळे महसूल खात्याच्या दृष्टीनं ते अजून खातेदार आहेत. मग दोन दीर, पेणला दिलेली नणंद, नालासोपाऱ्याला असलेले पुतणे, आणि अगदी तळाला, सामाईक क्षेत्रात, आत्या. आपण तो कागद एकदा उलटा, एकदा सुलटा धरलात आणि विचारलंत, ‘यातलं तुमचं नेमकं किती?’ अहो, या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात कुणाला माहीत असतं तर कोर्टात तारखा का पडल्या असत्या? पण वाडी शिंपते कोण, सुपारी सोलून बाजारात पाठवते कोण, झाडावर चढणाऱ्याची मनधरणी करते कोण, यासाठी सातबाऱ्यावर रकाना नाही.

मग पगाराची स्लिप मागितलीत. नाही. प्राप्तिकराचं रिटर्न? शेतीच्या उत्पन्नावर आमच्याकडे केंद्र सरकार प्राप्तिकर घेत नाही, म्हणून तेही नाही. पासबुकात नुकतीच एक मोठी रक्कम आली होती, तिच्यावर बोट ठेवलंत. ती मुलीनंच तिकिटासाठी पाठवलेली. आणि शेवटी विचारलंत, ‘मुलीनं तिथं नर्स का ठेवली नाही?’

आत्या हसली. तिला वाटलं, साहेब गंमत करतायत. बहुधा तिथंच निकाल लागला.

आता पाहुण्यांच्या परत जाण्याचा विषय आपणच काढलात, तर आमच्या किनाऱ्याचा अनुभवही ऐका. पोर्तुगीज इथं व्यापाराला म्हणून आले. 1521 साली निजामशाहीकडून रेवदंड्याला किल्ल्याची परवानगी काढली आणि मुक्काम हलवला थेट 1740 ला. जंजिऱ्याचे सिद्दी राहिले ते संस्थान 1948 मध्ये विलीन होईपर्यंत. नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, असं बेने इस्रायलांची परंपरा सांगते. त्यांना कुणी बँकेचं स्टेटमेंट मागितलं नाही. त्यांनी तेलाचे घाणे घातले, शनिवारी काम बंद ठेवलं, शनिवार तेली म्हणवून घेतलं आणि मराठी आपली केली. रशियाचा अफनासी निकितिन 1469 च्या सुमारास विकायला घोडा घेऊन चौललाच उतरला. जुन्नरच्या खानानं तो घोडा जप्त केला. आमच्याकडची त्यातल्या त्यात कडक तपासणी ती. पुढे घोडा परतही मिळाला. फी परत न मिळण्याच्या काळात ही गोष्ट मला फार उदात्त वाटते. निकितिन परत निघाला, गावी पोचण्याआधी वाटेतच गेला, पण रेवदंड्यात त्याचं स्मारक झालं. आत्याच्या नावे आपल्याकडे एक शिक्का झाला.

इथवर थट्टा झाली. आता सरळ बोलतो.

3 जून 2020 ला ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. दुपारच्या काही तासांत आत्याची वाडी आडवी झाली. पोफळी मधूनच मोडलेल्या, नारळ मुळासकट उपटलेले, विहिरीत झावळ्यांचा खच. यजमान आधीच गेलेले. मुलगी फोनवर म्हणाली, ‘आई, विक ते सगळं. इथं ये.’ मुंबईची गिऱ्हाइकं कुंपणापाशी घिरट्या घालतच होती. अलिबागच्या जमिनीचा भाव आपल्या वकिलातीतही कुणाला तरी ठाऊक असेल. आत्यानं त्या पावसाळ्यात सुपारीची रोपं लावली. पोफळ पाच-सहा वर्षं तरी फळ धरत नाही, साहेब. तोवर फक्त पाणी घालायचं, गवत काढायचं, आणि वाट बघायची. साठीला टेकलेल्या बाईनं हे केलं. आता कुठं पहिले घड दिसायला लागलेत. आणि तुम्ही तिला विचारता, परत यावं असं तुमचं इथं आहे काय? काचेपलीकडे बसून, दोन मिनिटांत, एका बोटानं टाइप करत? लाज वाटायला हवी होती. तुम्हाला, आणि ही दोन मिनिटं पुरेशी आहेत असं ठरवणाऱ्या तुमच्या सरकारला.

असो. आपण एकटेच दोषी आहात असंही नाही. आमच्याच गल्लीबोळांतले एजंट आपल्याला खोट्या पगारपत्रकांपासून खोट्या लग्नपत्रिकांपर्यंत सगळं दाखवून गेलेत, त्यामुळे आता खरा कागदही आपल्याला खोटा वाटत असणार. सकाळपासून माणसामागून माणूस, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तेच घाबरलेलं हसू. शिवाय एक विचार राहून राहून येतो. आपली दर दोन-तीन वर्षांनी बदली होते. आज मुंबई, उद्या मनिला, परवा आणखी कुठं. आपल्या आईनं लावलेलं झाड आपण फळताना पाहिलं असेल का? ज्यानं बॅगा पुरत्या उघडल्यासुद्धा नाहीत, त्याला सरकारनं दुसऱ्यांची मुळं मोजायला बसवलं. हा जुलूम आपल्यावरही आहे. कधी रजा मिळाली तर चौलला या. आत्या शहाळं काढून देईल. कधी जाणार, असं विचारायची आमच्याकडे रीत नाही.

कळावे,
आपला,
एका नापास अर्जदाराचा भाचा
चौल, ता. अलिबाग, जि. रायगड

ता. क. : बाळ सुखरूप झालं. मुलगा आहे. जन्मानं तो आपला नागरिक. आमच्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणून आजीकडे यायला आता त्यालाच भारताचा व्हिसा नाहीतर ओसीआय कार्ड काढावं लागेल. आमचा अर्जही भोळा समजू नका. आईबाप, आजीआजोबा पाकिस्तानचे होते का, हेसुद्धा त्यात विचारतात. आत्याला हे सगळं समजावून सांगितलं, व्हिसावर आला तर मुदत संपली की त्याला परत जावं लागेल हेही सांगितलं. ती म्हणाली, ‘एकदा इथं आला की परत पाठवतंय कोण त्याला?’

तेव्हा साहेब, हे एक प्रकरण मात्र खरोखरच संशयास्पद आहे. आपल्या नागरिकावर लक्ष असू द्या.