दोन विटा आणि एक ट्रंक

धायरीतल्या आमच्या रो-हाउसची आणि शेजारच्या वहिनींची मधली भिंत पाच फुटांची. माझी उंची पाच फुटांना दोन बोटं कमी. म्हणून तगरीच्या बुंध्याशी दोन विटा कायमच्या मांडून ठेवल्यात. सकाळी झाडांना पाणी घालायचं निमित्त होतं, आणि विटांवर चढलं की गप्पा सुरू.

त्या सोमवारी वहिनीच आधी येऊन उभ्या. हातात मेथीची जुडी, पण निवडायचं लक्षण दिसेना.

"काकू, काका आहेत का घरात?"

"आहेत की. पेपरात तोंड घालून बसलेत. का हो?"

"नको, आधी तुम्हालाच सांगते. पिंटूला कळता कामा नये हं मी बोलले ते."

म्हणजे बातमी पिंटूची. पिंटू आयटीत, पगार उत्तम, लग्नाचं नाव नाही आणि दिवाळीत जीप घेतलेली. समोर धड रस्ता असताना तो सोडून चिखलात शिरायचं, रुतायचं, मग दुसऱ्याने पट्टा लावून ओढून काढायचं. याला ती मुलं ऑफ-रोडिंग म्हणतात.

"काल ताम्हिणीकडे गेले होते सात गाड्या घेऊन. शेवटच्या गाडीचं चाक ओढ्यात रुतलं. मोबाइलला रेंज नाही. तो बिचारा रेडिओवर ओरडतोय आणि आमचा पिंटू सगळ्यात पुढे, आपला चाललाय. पाऊण तासाने कळलं, की मागे कुणीच नाही!"

"अगंबाई! पण रेडिओ तर भारीतला घेतला होता ना?"

"पंधरा हजारांचा! पन्नास वॉट का काय म्हणतात तो."

"आणि अँटेना कुठे लावलीय?"

वहिनींनी मेथी भिंतीवर ठेवली. "तुम्हाला काय हो कळतं त्यातलं?"

आता काय सांगू? पोलिसांच्या बिनतारी खात्यातल्या माणसाबरोबर चाळीस वर्षं संसार केलाय. ह्यांच्या तोंडी 'मोबाइल' म्हणजे अजूनही जीपमधला सेट. भाजी आणायला पाठवलं तर यादी वाचून झाल्यावर 'ओव्हर' म्हणायचे. सेट कितीचा हा प्रश्न ह्यांनी कधी कुणाला विचारला नाही. पहिला प्रश्न एकच, काठी कुठे बसवलीय? काठी म्हणजे अँटेना.

"टपावर लावलीय," वहिनी म्हणाल्या. "मॅग्नेटची आहे. पण चिकटत नव्हती, म्हणून दुहेरी टेप लावलाय."

"चिकटत नव्हती? अहो, मग टप फायबरचा असणार!"

हे ऐकून हे पेपर घेऊनच बाहेर आले. फायबर आणि टेप हे दोन शब्द आतपर्यंत पोचले होते. मोबाइलची रिंग ह्यांना ऐकू येत नाही, हे मात्र बरोब्बर येतं.

मग भिंतीशी व्याख्यान झालं. एवढ्याश्या काठीला खाली पत्रा लागतो. काठी अर्धी अँटेना, उरलेली अर्धी म्हणजे तो पत्रा. गाडीचं छप्पर लोखंडी असेल तर मधोमध ठेवा, सोन्याहून पिवळं. फायबरवर ठेवलीत तर एका पायावर उभं राहून कुस्ती खेळण्यासारखं. काठीची उंचीही लहर बघून ठरते, लहरीच्या पाव हिश्शाएवढी. 145 मेगाहर्ट्‌झची लहर दोन मीटरच्या आसपास, म्हणून काठी अर्ध्या मीटरची. अमेरिकेतले ट्रकवाले 27 मेगाहर्ट्‌झवर बोलतात. तिथे लहर 11 मीटरची, म्हणून त्यांच्या काठ्या कोळ्याच्या गळासारख्या लांबलचक.

"आणि वहिनी," हे म्हणाले, "पिंटूकडे परवाना आहे ना?"

वहिनी मेथी निवडायला लागल्या.

पुढचं मी थोडक्यात सांगते, कारण ह्यांनी थोडक्यात सांगितलं नाही. 144 ते 146 मेगाहर्ट्‌झचा पट्टा हौशी बिनतारीवाल्यांचा, ज्यांना हॅम म्हणतात त्यांचा. परीक्षा द्यायची, कॉलसाइन घ्यायची, मगच तोंड उघडायचं. ह्यांची कॉलसाइन व्हीयू-टूवाली, मोर्सच्या कट्ट-कडकट्टसकट पास झालेली. पिंटूला खालची श्रेणी चालेल. तिला मोर्स लागत नाही आणि नाव व्हीयू-थ्रीने सुरू होतं. बारा वर्षांच्या पोराला देता येते ती परीक्षा. पण परवाना नसताना बोलणं सोडाच, असला सेट नुसता घरात बाळगणंही कायद्यात बसत नाही.

"पण ऑनलाइन तर सर्रास मिळतात हो!"

"मिळत होते. 2025 च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्या विकणाऱ्या साइटींना नोटिसा धाडल्या, त्या काय उगीच? सेट कुठल्या फ्रीक्वेन्सीवर चालतो, परवाना लागतो की नाही, काही लिहायचंच नाही आणि खुशाल विकायचं."

संध्याकाळी पिंटू मान खाली घालून सेट घेऊन आला. परीक्षा होईपर्यंत सेट ह्यांच्या ताब्यात, ह्यांच्या परवान्यावर. वहिनींचा चेहरा पडलेला बघून मी आमच्या नणंदेच्या जावयाची गोष्ट सांगितली. तो कोलोरॅडोला असतो. तिकडे जीएमआरएस म्हणून प्रकार आहे. 35 डॉलर भरले की दहा वर्षांचा परवाना, परीक्षा नाही की काही नाही, घरातल्या सगळ्यांना मिळून एकच. त्याने हौसेने चार सेट आणले भाच्यांसाठी. पण ते बोलणार 462 आणि 467 मेगाहर्ट्‌झवर, आणि त्या जागा आपल्याकडे अशा मोकळ्या सोडलेल्या नाहीत. आता ते सेट माळ्यावर आकाशकंदिलाच्या खोक्यात आहेत. परदेशी सून आणताना माणूस दहादा चौकशी करतो, रेडिओ आणताना एकदाही नाही.

"मग बाकीच्या पोरांनी बोलायचं तरी कशावर?" वहिनींनी विचारलं.

त्याला सोय आहे. 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्‌झ एवढी बारीकशी पट्टी सरकारने 2018 मध्ये परवानामुक्त केली. त्या पट्टीतली, आपल्याकडच्या मान्यतेची हातातली वॉकीटॉकी कुणीही घ्यावी. ताकद बेताची, पण पुढच्या गाडीला "डावीकडे दगड आहे" सांगायला पुष्कळ. फक्त दोन गोष्टी पाळायच्या. गाडीच्या पत्र्याच्या पोटात मांडीवर धरून बोलायचं नाही, खिडकीशी धरायची. आणि खोक्यावर लिहिलेल्या किलोमीटरवर विश्वास ठेवायचा नाही.

"का हो? वीस-वीस किलोमीटर लिहितात की."

ह्यांनी माझ्या पायांकडे बोट दाखवलं. "ही विटांवर का चढते?"

"तुम्ही दिसावात म्हणून," मी म्हटलं.

"तेच. रेडिओला दिसावं लागतं. सपाट माळावर दोन जीपच्या टपांवरच्या काठ्यांना एकमेकी दहा-अकरा किलोमीटरवरून दिसतील. ताम्हिणीत एक वळण घेतलंत की मध्ये अख्खा सह्याद्री. पन्नास वॉट काय, पाचशे घाला! तो सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा उगीच नाही चढवला."

आता माझ्या ट्रंकेचं ऐका, कारण खरी तक्रार ती आहे.

शनिवारी पिंटूची जीप आमच्या दारात. ह्यांनी माळ्यावरून एसडब्ल्यूआरचं मीटर काढलं. पाठवलेल्या ताकदीतली किती काठीतून बाहेर पडते आणि किती माघारी फिरते, ते हे मीटर सांगतं. मी तेव्हा नळी धरून उभी होते. हे म्हणाले, "नळीचं तोंड बोटाने दाबलंस तर पाणी कुठे जाईल? अंगावर. तसं." आकडा एक आला तर परत काही येत नाही. दीड आला तर शंभरातले चार परत, म्हणजे चालतंय. तीन आला तर रुपयातले चार आणे परत, आणि ते सेटच्याच बोकांडी.

टेपवाल्या काठीचा आकडा तीनच्या वर.

"खाली लोखंड हवं," म्हणत हे स्वयंपाकघरात. आधी माझी परात नेली. मॅग्नेट घसरून पडला. चांगल्या स्टीलला लोहचुंबक चिकटत नाही, एवढं तरी कळलं, परात अस्सल निघाली! मग भाकरीचा तवा नेला. तव्याला चिकटला, पण तवा पडला लहान. 446 च्या टीचभर काठीला तो पुरला असता, कारण चहूबाजूंनी काठीच्या उंचीएवढा तरी पत्रा पसरलेला हवा. अर्ध्या मीटरच्या काठीला तव्याने काय होणार?

मग माझी रुखवतातली ट्रंक! आईने दिलेली, हिरवी, झाकणावर मोर. बिजागऱ्या काढून झाकण टपावर ठेवलं, मोराच्या डोक्यावर काठी उभी केली. काटा घसरत सव्वावर आला. पिंटूने टाळी वाजवली. मी नाही वाजवली.

"तेच झाकण ठेवू या का काका, कायमचं?"

माझ्याकडे एकदा बघून ह्यांनी दुसरा उपाय काढला. बॉनेटच्या कडेला लोखंडी ब्रॅकेट. स्क्रूखालचा रंग खरवडायचा, धातूला धातू भिडला पाहिजे, मग बॉनेट आणि अख्खी बॉडी काठीचा पत्रा होते. छपराच्या मधोमध असल्याचं सुख नाही त्यात. ज्या दिशेला जास्त पत्रा, तिकडे जास्त जोर. पुढच्या उजव्या कोपऱ्यात लावली की आवाज मागच्या डाव्या बाजूला अधिक जातो. पण पुढच्या गाडीला बोलायचं असतं मागच्यांशीच, तेव्हा ही खोडही कामी आली. ब्रॅकेट नकोच असेल तर अर्ध्या लहरीची, मीटरभर उंच काठी मिळते. तिला खाली पत्रा लागत नाही.

पिंटूला मात्र आणखी उंच, 'जास्त गेनवाली' हवी होती. तिथे मीच बोलले. "भाकरी थापतोस का कधी? पीठ तेवढंच. रुंद थापली की पातळ होते." ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू चाळीस वर्षांत प्रथमच पाहताहेत. बरोबर होतं माझं. उंच काठी आवाज आडवा दूर फेकते, पण वर-खाली पातळ करते. घाटात एक गाडी डोक्यावरच्या वळणावर, दुसरी पायाखालच्या. तिथे जाड भाकरीच बरी.

बाकीची कामं रविवारी सकाळी उरकली. पिंटूने सेटची वायर सिगारेट लायटरच्या भोकात खुपसली होती. पन्नास वॉटवर बोलताना सेट दहा अँपिअरच्या आसपास खेचतो. शिवाय इंजिन वाढवलं की बोलण्यात 'कुईंऽऽ' असा सूर. तारा थेट बॅटरीवर नेल्या, बॅटरीच्या तोंडाशी फ्यूज बसवले. एलईडीचा दिवा लावला की सेट खरखरायचा, म्हणून दिव्याच्या आणि अँटेनाच्या तारा दोन बाजूंना केल्या. अँटेनाची उरलेली केबल सीटखाली वेटोळं करून कोंबली होती. ती साधी बारीक केबल पाच मीटर असली तर 145 वर रुपयातले तीन आणे वाटेतच खाते. लागेल तेवढी ठेवून बाकीची कापली. पंधरा हजारांच्या सेटला कुणी हातसुद्धा लावला नाही.

पुढच्या फेरीला हे स्वतः गेले. पुढच्या गाडीत हे, शेवटच्या गाडीत त्यांच्यातलाच एक डॉक्टर, तोही परवानेवाला. मधल्या पाचांकडे 446 ची वॉकीटॉकी, आणि ती ह्या दोघांकडेही. गुडघ्याचं औषध विसरून हे सकाळी सहालाच जीपमध्ये चढले. मी मात्र दिवसभर फोनकडे बघत बसले. रेंज नाही हे माहीत असताना.

सोमवारी विटांवर चढले, तर वहिनी हजर.

"कळलं का काकू? काल परत रुतली एक. दोन मिनिटांत निरोप पुढे! पण एका वळणावर दोघांचंही बंद पडलं म्हणे."

"पडणारच. मग काय केलं?"

"काका म्हणाले, मध्ये एक गाडी वरच्या वळणावर थांबवा. तिने इकडचं ऐकून तिकडे सांगायचं. वॉकीटॉकीवर."

"म्हणजे तुमच्यासारखं," मी म्हटलं.

वहिनी हसल्या. पिंटूने पुस्तक आणलंय, रोज रात्री ह्यांच्याकडे बसतो, वगैरे सांगत राहिल्या. ऐकता ऐकता मला काहीतरी वेगळं वाटत होतं. रोज भिंतीवर वहिनींची हनुवटी दिसते, आज खांदे दिसत होते. मी वाकून पलीकडे पाहिलं. त्यांच्या पायाखाली दुधाच्या पिशव्यांचा उपडा क्रेट.

"हे काय हो?"

"काकाच म्हणाले ना," वहिनी म्हणाल्या, "उंची दोन्हीकडची धरतात."