राज्य कोणावर आले?

शालेय शारीरिक शिक्षणाचे स्थूलमानाने दोन भाग पडतात: एक कवायत, म्हणजे शिट्टीबरहुकूम अनेकांनी एकच हालचाल करणे, आणि दुसरा खेळ, म्हणजे मुलांनी आपणच मान्य केलेल्या नियमांनी एकमेकांना जेरीस आणणे. पैकी पहिला भाग तपासणीला आलेल्या साहेबांना रांगेत उभा करून दाखवता येतो आणि दुसरा येत नाही, एवढ्याच कारणाने पहिल्याची प्रतिष्ठा अधिक आहे.

दापोली तालुक्यातील आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यावरच्या गावात खेळांच्या या दुय्यमपणाला भौगोलिक बाजूही आहे. जांभ्याच्या खडीवर पडलेल्याचा गुडघा सोलून निघतो आणि पावसाळ्यात मोकळ्या जागेचे तळे होते. उरते ती ओहोटीने उघडी पडलेली ओली, घट्ट पुळण, जिच्यावर टाचेने रेघा ओढल्या की आट्यापाट्यांचा डाव मांडता येतो. अडचण एवढीच की शाळेचे वेळापत्रक घंटेवर चालते आणि पुळणीचे चंद्रावर. ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकत असल्यामुळे या सोमवारी खेळाच्या तासाला मोकळे असलेले मैदान पुढच्या सोमवारी समुद्राखाली असते, आणि तो तास मागून घेणाऱ्या गणिताच्या शिक्षकांना वेगळे निमित्त शोधावे लागत नाही.

खो-खोला लेखी नियमांची शिस्त लागली ती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या पुढाकाराने. पुढे १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. परंतु खो-खोचे खरे शैक्षणिक मूल्य धावण्यात नसून बसण्यात आहे. पाठलाग करणाऱ्या संघातील नऊपैकी आठ जण आलटून पालटून विरुद्ध दिशांना तोंडे करून उकिडवे बसलेले असतात आणि पाठीला हात लागून ‘खो’ ऐकू येईपर्यंत, पळणारा नाकासमोरून गेला तरी, त्यांना उठता येत नाही. एरवी बाकावर दहा मिनिटे स्थिर न राहणारे मूल हे आपखुशीने करते, हा चमत्कार कवायतीला साधलेला नाही. मैदानावर खो दिल्याने काम पुढे जाते आणि व्यवहारात कामाला खो घातला की ते अडते; एकाच शब्दाचे हे दोन अर्थ कसे झाले याचा उलगडा एखाद्या कार्यालयातील टेबलांच्या रांगेकडे पाहून होण्यासारखा आहे.

याहून मोलाची परिभाषा शिवाशिवीसारख्या बिनसाहित्याच्या खेळांत सापडते. ज्याने इतरांना पकडायचे त्याच्यावर ‘राज्य’ येते, असे मराठी मुले म्हणतात. ज्याच्यावर राज्य त्यानेच धापा टाकत सर्वांच्या मागे धावायचे, बाकीच्यांनी त्याला हुलकावण्या द्यायच्या आणि राज्य उतरल्याचा आनंद त्यालाच सर्वांत जास्त व्हायचा, ही व्यवस्था राज्यशास्त्राच्या पुस्तकांत नाही. राज्य कोणावर हे ठरवायला मुले तळहात उलटेसुलटे टाकून ‘चकतात’ ती त्यातून सुटण्यासाठी; मोठ्यांच्या जगात, जेथे राज्य सर्वांनाच हवे असते, हे तळहात नेमके उलटे पडतात. तसेच ‘कच्चे लिंबू’. थोरल्या बहिणीने कडेवरून पुळणीवर उतरवलेला, चड्डी सावरत धावणारा धाकटा भाऊ दहादा पकडला गेला तरी त्याच्यावर राज्य येत नाही, आणि तरीही आपण खेळात आहोत अशी त्याची पक्की खात्री असते. क्षमतेवरून कोणालाही बाहेर न ठेवणे यास हल्ली समावेशक शिक्षण म्हणतात आणि त्याची प्रशिक्षणे होतात. येथे ते काम चौथीतली मुलगी दोन शब्दांत उरकते. मूल्यमापनाच्या तक्त्यात कच्च्या लिंबासाठी रकाना नाही, हे बहुधा बरेच आहे.

खेळाची सांगता मात्र क्वचितच शांततेत होते. पाय रेघेच्या आत होता की बाहेर, हा वाद ऐन रंगात असतानाच भरतीची लाट येऊन पुरावा पुसून नेते. मग कड्यावरच्या गणपतीची शपथ घेतली जाते, वाद सुरूच्या बनातून घरापर्यंत जातो, आणि दुसऱ्या दिवशी कवायतीच्या रांगेत, ‘विश्राम’च्या स्थितीत, ओठ न हलवता पुढे चालू राहतो.